सिलिंडरमागची सभा

माझ्या ट्रेडमध्ये दर दहा-पंधरा वर्षांनी गॅस बदलतो. मी आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंग शिकवते. मी स्वतः शिकत होते तेव्हा फ्रिजमध्ये आर-१२ असायचा, पांढऱ्या सिलिंडरमधला. तो गेला आणि फिकट निळ्या सिलिंडरमधला आर-१३४ए आला. आता नव्या घरगुती फ्रिजमध्ये बहुतेक आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. एसीमध्ये फिकट हिरव्या सिलिंडरमधल्या आर-२२ने वर्षानुवर्षं राज्य केलं, मग गुलाबी आर-४१०ए आला आणि पाठोपाठ आर-३२. प्रत्येक वेळी गेज बदलतात, तेल बदलतं, प्रेशरचा तक्ता नव्याने पाठ करावा लागतो. दर बॅचमधला एखादा मुलगा किंवा मुलगी हमखास विचारते, "मॅडम, चांगला चालणारा गॅस बंद कोण करतं?"

वर्गातून उत्तरंही लगेच येतात. कुणी म्हणतं कंपन्या, कुणी सरकार, कुणी अमेरिका. मी फळ्यावर लिहिते : मॉन्ट्रियल करारातल्या पक्षांची सभा. हा करार १९८७चा. ओझोनचा थर वाचवण्यासाठी झालेल्या या करारात आज युरोपीय संघ धरून १९८ पक्ष आहेत, म्हणजे जवळजवळ सगळं जग. ही सभा दरवर्षी भरते, आणि आमच्या वर्कशॉपमध्ये कोणता सिलिंडर येणार, कोणता जाणार, याची सुरुवात तिथे होते. मी या सभेला कधी गेलेले नाही, पण तिचे मसुदे, अहवाल आणि ठराव सगळ्यांना वाचायला खुले असतात आणि मी ते आवडीने वाचते. पर्यावरणाच्या करारांबद्दल आपल्याकडे 'नुसत्या चर्चा होतात' असं सर्रास बोललं जातं. हा एक करार कसा चालतो ते पाहिलं, तर चर्चेतून काम कसं उभं राहतं ते कळतं.

निम्म्यावरून सुरुवात

१९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड या दोन रसायनशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की आर-१२सारखे क्लोरोफ्लुरोकार्बन, म्हणजे सीएफसी, जमिनीलगत कशाशीच अभिक्रिया करत नाहीत. त्यामुळे ते तसेच वर चढत जातात. उंचावर अतिनील किरणांनी ते फुटतात, त्यातला क्लोरीन सुटा होतो आणि ओझोन नष्ट करतो. १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावर वसंत ऋतूत ओझोन भयंकर घटत असल्याची नोंद प्रसिद्ध केली. त्याच वर्षी व्हिएन्नात एक करार झाला, पण त्यात 'अभ्यास करू, सहकार्य करू' यापलीकडे फारसं काही नव्हतं. १६ सप्टेंबर १९८७ला मॉन्ट्रियलमध्ये पहिल्यांदा आकडे ठरले : पाच सीएफसी आणि आग विझवायला वापरले जाणारे तीन हॅलॉन यांच्यावर बंधन. त्यातही सीएफसी निम्म्यावर आणायचे, बंद करायचे नाहीत.

हे पुरेसं नव्हतं. पण ज्यांनी हा करार लिहिला, त्यांनी त्यातच दोन कलमं घालून ठेवली. एक, दर चार वर्षांनी किमान एकदा तज्ज्ञांच्या मंडळांकडून विज्ञान, परिणाम आणि तंत्रज्ञान यांचा आढावा घ्यायचा. दुसरं, त्या आढाव्यावरून सभेने आधीच्या आकड्यांत फेरफार करायचा. १९९०ला लंडनच्या सभेत निम्म्याचे शंभर टक्के झाले, मुदत २०००. १९९२ला कोपनहेगनमध्ये श्रीमंत देशांची मुदत १९९६वर ओढली गेली. आठ रसायनांपासून सुरू झालेली यादी आज शंभराच्या जवळ आहे. १९८७चा कागद तसाच राहिला असता तर ओझोन वाचला नसता. तो वाचतो आहे, कारण कागदाच्या मागे दरवर्षी भरणारी सभा होती.

सभा भरते कशी

ही रचना आपल्या सहकारी गृहनिर्माण संस्थेसारखी आहे. सर्वोच्च अधिकार सर्वसाधारण सभेला, रोजचं काम कार्यालयाकडे, आणि हिशेब, तपासणी यांसाठी निवडून दिलेल्या छोट्या समित्या. इथे सर्वसाधारण सभा म्हणजे पक्षांची सभा. तिथे प्रत्येक देशाला एक मत, मग तो चीन असो की तुवालू. कार्यालय म्हणजे ओझोन सचिवालय, ते नैरोबीत संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमात आहे. सचिवालय काहीच ठरवत नाही. ते कागद तयार करतं, आकडे गोळा करतं, सभा बोलावतं.

मुख्य सभेच्या काही महिने आधी, बहुधा जुलैच्या आसपास, खुल्या कार्यगटाची बैठक होते. खरी घासाघीस इथून सुरू होते. या कार्यगटाला दोन सहअध्यक्ष असतात, एक विकसित देशातला आणि एक विकसनशील देशातला. ही जोडी या कराराच्या जवळजवळ प्रत्येक खोलीत दिसते.

कार्यगटापुढे तंत्रज्ञान आणि अर्थकारणाच्या मूल्यमापन मंडळाचा अहवाल असतो. हा भाग मला सगळ्यात जवळचा, कारण त्यात माझ्या ट्रेडची माणसं असतात. शीतकरणाची एक वेगळी तांत्रिक समिती आहे. कारखान्यातले इंजिनिअर, प्राध्यापक, सल्लागार तिथे देशाचे प्रतिनिधी म्हणून बसत नाहीत, स्वतःच्या जाणकारीवर बसतात. आर-२२च्या जागी काय वापरता येईल, कडक उन्हाळ्यात ते कसं चालेल, किती खर्च येईल, आगीचा धोका किती, हे त्यांनी सांगायचं. काय करावं हे मात्र त्यांनी सांगायचं नाही, तो अधिकार सभेचा. 'हे शक्य आहे का' आणि 'हे करायचं का' हे दोन प्रश्न असे वेगळ्या माणसांकडे दिल्यामुळे पुष्कळ भांडणं मुळातच टळतात.

कंसातले शब्द

ठरावाचा मसुदा कसा घडतो, ते जवळून पाहण्यासारखं आहे. एखादा देश मसुदा मांडतो. सभागृहात मतं जुळली नाहीत की अध्यक्ष त्या विषयासाठी संपर्कगट नेमतात, पुन्हा दोन सहअध्यक्षांची जोडी. मोठ्या सभागृहात सहा भाषांत दुभाषे असतात. संपर्कगट मात्र बहुधा इंग्रजीतच चालतो, आणि दोन-तीन माणसांचं शिष्टमंडळ घेऊन आलेल्या छोट्या देशाला एका वेळी चार खोल्यांत बसणं जमत नाही. ही या पद्धतीतली खरीखुरी अडचण आहे.

संपर्कगटात मसुदा पडद्यावर असतो. ज्या शब्दावर कुणाचा आक्षेप, त्याला चौकोनी कंस. मुदतीपुढे कंसात तीन-तीन वर्षं लिहिलेली असतात, तीन गटांची तीन. 'करावं'ला कंस, शेजारच्या कंसात 'करण्याचा विचार करावा'. एकेक कंस सोडवत जायचं, म्हणजे कुणीतरी मुदतीत माघार घ्यायची, बदल्यात पैशाच्या परिच्छेदात काही मिळवायचं. सगळे कंस गेले की मसुदा सभागृहात येतो. अध्यक्ष आक्षेप आहे का विचारतात, कुणी फलक उचलला नाही तर हातोडा पडतो आणि ठराव मंजूर.

हे सगळं सहमतीने होतं. पण सहमती झालीच नाही तर काय, याचं उत्तरही या करारात लिहून ठेवलं आहे, आणि माझ्या मते त्याची सगळी ताकद तिथेच आहे. आधीपासून यादीत असलेल्या रसायनाची मुदत अलीकडे आणायची किंवा प्रमाण घटवायचं असेल, तर शेवटचा उपाय म्हणून मतदान घेता येतं. दोन-तृतीयांश मतं हवीत, शिवाय विकसनशील देशांचं स्वतंत्र बहुमत आणि विकसित देशांचंही स्वतंत्र बहुमत हवं. असा फेरफार झाला की त्याला प्रत्येक देशाच्या संसदेची मंजुरी पुन्हा लागत नाही. कळवल्यापासून सहा महिन्यांनी तो सगळ्यांना लागू, विरोधात मत दिलेल्यालाही. नवं रसायन यादीत घालायचं असेल तर मात्र रीतसर दुरुस्ती लागते आणि ती ज्या-त्या देशाने स्वीकारावी लागते. मतदानाची वाट मोकळी आहे हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून अडून बसण्यात कुणाचा फायदा नसतो आणि सहमती होते.

याउलट हवामान बदलाची परिषद पाहा. १९९५च्या बर्लिनच्या पहिल्या सभेपासून तिथे मतदानाचा नियमच मंजूर झालेला नाही, त्यामुळे मोजक्या देशांचा हट्टही सगळ्यांना थांबवू शकतो. प्लास्टिकच्या करारासाठी ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हात भरलेली बैठक करार न होताच संपली. तिथेही सहमती नाही तर पुढे काय, हा प्रश्न पहिल्यापासून लोंबकळत होता. सभेचे नियम कंटाळवाणे वाटतात, पण पृथ्वीच्या हिताचं काय होणार ते पुष्कळदा त्या नियमांतच ठरलेलं असतं.

पैशाची समिती

या करारात भारत पहिल्याच दिवशी आला नाही. भारताचं म्हणणं सरळ होतं : ओझोनला भोक पाडलं श्रीमंत देशांच्या फ्रिजांनी आणि स्प्रेच्या डब्यांनी, आमच्या घरात तर आता कुठे फ्रिज येतो आहे. तो महाग झाला तर भुर्दंड कुणी सोसायचा? लंडनच्या १९९०च्या सभेत तेव्हाच्या पर्यावरणमंत्री मनेका गांधी यांनी ही बाजू जोरात लावून धरली, चीनही बरोबर होता. त्या सभेत बहुपक्षीय निधी मान्य झाला आणि १९९२ला भारत करारात आला.

निधीची कार्यकारी समिती चौदा सदस्यांची : सात विकसित देशांचे, सात विकसनशील देशांचे. अध्यक्षपद एक वर्ष या गटाकडे, एक वर्ष त्या गटाकडे. ठराव मतदानाला गेलाच तर इथेही दोन्ही गटांचं वेगवेगळं बहुमत लागतं. पैसा देणाऱ्याचा शब्द पैसा घेणाऱ्यापेक्षा मोठा नाही, अशी आंतरराष्ट्रीय व्यवस्था फार क्वचित दिसते. दर तीन वर्षांनी सभा निधीची रक्कम ठरवते. २०२४ ते २०२६ साठी ती ९६ कोटी ५० लाख डॉलर आहे, आजवरची सर्वांत मोठी.

हा पैसा कसा दिला जातो, त्याचं आपल्याच देशातलं उदाहरण आहे. १९९९ मध्ये भारतातलं सीएफसीचं उत्पादन टप्प्याटप्प्याने बंद करण्यासाठी ८ कोटी २० लाख डॉलर मंजूर झाले. एकरकमी नव्हे, वर्षाच्या वर्षाला. ठरलेलं उत्पादन घटलं का, हे त्रयस्थ तपासनिसाने पाहायचं आणि मगच पुढचा हप्ता. २०१० ही मुदत होती. औषधांसाठी लागणारा भाग सोडून भारताने हे उत्पादन २००८ मध्येच थांबवलं. तो औषधाचा भाग म्हणजे दम्याचे पंप. त्यांत दुसरा वायू घालायला वेळ हवा होता, आणि सभेने 'अत्यावश्यक वापर' म्हणून मुदतीनंतरही मोजकी परवानगी दिली. श्वास घ्यायला पंप लागणाऱ्या माणसाला वेठीस धरायचं नाही, एवढं भान या सभेला आहे.

चुकणाऱ्याचं काय

प्रत्येक देशाने दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत आदल्या वर्षाचे आकडे सचिवालयाला द्यायचे : किती बनवलं, किती आणलं, किती पाठवलं. भारतात हे काम केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचा ओझोन सेल करतो. आकडे हद्दीबाहेर गेले की प्रकरण दहा देशांच्या अंमलबजावणी समितीपुढे येतं. 'का चुकलं आणि केव्हापर्यंत दुरुस्त करणार' असा तिचा पहिला प्रश्न असतो. चुकणारा देश वेळापत्रक देतो, सभा ते मंजूर करते, मदतही मिळते. ऐकलंच नाही तर ताकीद, आणि त्यापुढे करारातले हक्क व व्यापाराच्या सवलती स्थगित करण्याची तरतूद. सोव्हिएत संघ फुटल्यावर रशियाने १९९५ मध्ये मुदत पाळता येत नसल्याचं कळवलं. नाराजी झाली, वाद झाला, पण आर्थिक मदत आणि वेळापत्रक दोन्ही आखून दिली गेली आणि २०००च्या अखेरीस रशियाचे सीएफसीचे कारखाने थांबले.

आकडे देशांनी स्वतः द्यायचे, मग लबाडी झाली तर? तीही झाली. मे २०१८ मध्ये अमेरिकेच्या नोआ या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की हवेतला सीएफसी-११ घटायला हवा तितका घटत नाही, २०१२ नंतर कुठेतरी नव्याने सोडला जातो आहे. कागदावर तर त्याचं उत्पादन जगभर शून्य होतं. पुढच्या वर्षी दक्षिण कोरियातल्या गोसान आणि जपानच्या हातेरुमा बेटावरच्या नोंदींवरून त्याचा मोठा भाग पूर्व चीनमधल्या शानदोंग आणि हबेई प्रांतांच्या बाजूने येत असल्याचं निघालं. उष्णतारोधक फोम बनवण्यात सीएफसी-११ चोरून वापरला जात असल्याचे पुरावे होते. सभेत प्रश्न उभा राहिला, चीनने छापे आणि तपासण्या वाढवल्या, आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत उत्सर्जन झपाट्याने उतरलेलं दिसलं. सरकारांचा हिशेब हवेने तपासला, आणि त्यावर बोलायला एक जागा आधीच तयार होती, म्हणून हे दोन-तीन वर्षांत मिटलं.

किगालीची रात्र

सीएफसी आणि आर-२२ यांच्या जागी आलेले एचएफसी, म्हणजे आर-१३४ए, आर-४१०ए, आर-३२, ओझोनला धक्का लावत नाहीत. पण ते हवा तापवतात. एक किलो आर-४१०ए हवेत गेला की शंभर वर्षांच्या हिशेबाने साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडकते. मग हा विषय ओझोनच्या सभेचा की हवामानाच्या? यावर अनेक वर्षं वाद चालला, आणि भारत तो इथे आणायला फारसा राजी नव्हता. २०१५ मध्ये भारताने आपला प्रस्ताव मांडला, आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये रवांडाच्या किगाली शहरात रात्रभर वाटाघाटी होऊन १५ तारखेच्या सकाळी दुरुस्ती मंजूर झाली.

ठरलेली वेळापत्रकं गटागटांना वेगळी आहेत. श्रीमंत देशांनी २०१९ पासून कपात सुरू केली. चीनसह बहुतेक विकसनशील देशांनी २०२४ ला वापर गोठवला. भारत, पाकिस्तान, इराण, इराक आणि आखाती देशांच्या गटाला २०२८ ची मुदत मिळाली. पुढे आपल्याला २०३२ मध्ये १० टक्के, २०३७ मध्ये २०, २०४२ मध्ये ३० आणि २०४७ मध्ये ८५ टक्के कपात करायची आहे. भारताने ही दुरुस्ती २०२१ मध्ये स्वीकारली. सगळ्या देशांनी ती नीट पाळली तर या शतकाच्या अखेरीपर्यंत अर्ध्या अंशापर्यंत तापमानवाढ टळेल, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे.

आणि ओझोन? तज्ज्ञांच्या मंडळाच्या ताज्या आढाव्यानुसार धोरणं अशीच राहिली तर अंटार्क्टिकावरचा थर २०६६च्या सुमारास १९८०च्या पातळीवर येईल, जगाच्या बहुतेक भागावर २०४०च्या सुमारास.

पुढचा कंस वर्कशॉपचा

आता माझ्या बाजूचं सांगते. भारतात १ जानेवारी २०२५ पासून आर-२२ वापरून नवा एसी बनवता येत नाही. पण जुने एसी घरोघरी चालू आहेत आणि त्यांची दुरुस्ती होतच राहणार. दीड टनाच्या जुन्या स्प्लिटमध्ये साधारण किलोभर आर-२२ असतो. शहाणा मेकॅनिक आधी रिकव्हरी मशीन लावतो, गॅस सिलिंडरमध्ये ओढून घेतो, नायट्रोजनच्या दाबाने गळती शोधतो, सांध्यांवर साबणाचं पाणी लावतो, ब्रेझिंग करतो, व्हॅक्यूम घेतो आणि मग वजनकाट्यावर मोजून गॅस भरतो. घाईतला मेकॅनिक फ्लेअर नट सैल करतो आणि 'फुस्स' करून सगळा गॅस सोडून देतो. दोन मिनिटांत काम होतं आणि ग्राहकाला फरक कळत नाही. त्या फुस्समुळे जवळपास पावणेदोन टन कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता हवेत अडकते, शिवाय ओझोनचं नुकसान.

नव्या गॅसला तर कौशल्य आणखीच लागतं. मुंबईच्या गोदरेजने २०१२च्या सुमारास जर्मनीच्या साहाय्याने आर-२९०, म्हणजे प्रोपेनवर चालणारे घरगुती एसी बाजारात आणले. हवा तापवण्यात प्रोपेन जवळजवळ नगण्य आहे, पण तो पेट घेतो. त्या मशीनवर नळी टॉर्चने उघडायची नाही, कटरने कापायची. खिडक्या उघड्या हव्यात, आसपास ठिणगी नको. हे मी मुलांकडून हाताने करून घेते, कारण वाचून ते येत नाही.

निधीतून मेकॅनिकांची प्रशिक्षणं होतात, चांगली होतात, आणि २०१९च्या राष्ट्रीय कूलिंग अ‍ॅक्शन प्लॅनमध्ये १ लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचं लक्ष्य होतं. पण प्रमाणपत्र घेऊन गेलेला मुलगा तालुक्याच्या गावी दुकान टाकतो, तेव्हा त्याच्याकडे रिकव्हरी मशीन विकत घेण्याइतके पैसे नसतात, आणि ओढून घेतलेला गॅस द्यायचा कुठे हेही त्याला माहीत नसतं. कारखान्याचं उत्पादन बंद करायला तपासनीस आणि हप्ता मिळाला. दुरुस्तीच्या कामालाही तसंच हवं : जिल्ह्याजिल्ह्यात वापरलेला गॅस वजनावर विकत घेणारं केंद्र, भाड्याने मिळणारं रिकव्हरी मशीन, आणि वायरमनला लागतो तसा गॅस हाताळणाऱ्याला सक्तीचा परवाना. सभेतले आकडे कारखाने आणि आयातदार यांच्याकडून येतात. दुकानात उडालेला किलो कुणाच्याही तक्त्यात वेगळा दिसत नाही.

म्हणून मी मुलांना या सभेची रचना शिकवते, अभ्यासक्रमात नसली तरी. आपल्या हातातला गॅस कुणी ठरवला हे ज्याला कळतं, तो पुढचा गॅस ठरताना आपलं म्हणणं कुठे मांडायचं हेही शोधून काढतो. तांत्रिक समितीत माणसं लागतात, ओझोन सेलच्या आराखड्यांवर सूचना द्यायला माणसं लागतात, आणि तिथे ज्यांनी कधी गेज हातात धरलं आहे अशांची गरज सगळ्यात जास्त आहे. २०२८ची मर्यादा जवळ आली आहे. ती पाळली जाईल की नाही, याचा निम्मा निकाल सभागृहात लागला आहे. उरलेला निम्मा आम्ही वर्कशॉपमध्ये लावणार आहोत, आणि त्यासाठी लागणारी साधनं मागायचा आम्हाला पूर्ण हक्क आहे.